ओट्याच्या दगडाचा तुकडा आधी घरी आणा

पांढऱ्या संगमरवरी ओट्यावर पहिला चट्टा पडला तो २०१७ च्या गुढीपाडव्याला. ओटा बसवून अकरा दिवस झाले होते. बटाट्याच्या भाजीवर लिंबू पिळलं आणि उरलेली अर्धी फोड ओट्यावर पालथी ठेवली; आजवर ठेवत आले तशीच. जेवणं आटोपल्यावर फोड उचलली, फडकं फिरवलं, तरी रुपयाएवढा गोल तिथे दिसतच राहिला. रस वाळला असेल म्हणून साबणाने पुसलं. गोल हलला नाही. मग खाली वाकून खिडकीच्या उजेडात तिरकं पाहिलं. वर काही चिकटलेलं नव्हतं, तेवढ्या जागेची चकाकी गेली होती. बोट फिरवलं तर आजूबाजूला काचेसारखं गुळगुळीत आणि त्या गोलावर किंचित खरखरीत.

मी ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. दर वर्षी प्रयोगशाळेत संगमरवराचे नाहीतर शहाबादी फरशीचे तुकडे परीक्षानळीत टाकून वरून आम्ल सोडायचं, बुडबुडे दाखवायचे, तो वायू चुन्याच्या निवळीत सोडून निवळी दुधाळ करायची. कार्बन डायऑक्साइड ओळखायचा हा प्रयोग माझ्या हातून शेकडो वेळा झाला आहे. तोच संगमरवर स्वतःच्या ओट्यासाठी निवडताना मात्र ती परीक्षानळी मला आठवली नाही. दुकानात दगड समोर उभा होता आणि मी फक्त त्याच्या रूपाकडे पाहत होते. कुणाच्या घरात ओटा बदलायचा विचार चालला असेल, तर माझे पैसे आणि माझी चार वर्षं निदान त्यांच्या कामी यावीत, म्हणून हे लिहिते आहे.

निवड कशी झाली

डोंबिवलीतला आमचा फ्लॅट १९९४ चा. बिल्डरने दिलेला ओटा कडाप्प्याचा होता, काळा आणि बिनचकाकीचा. बावीस वर्षं त्याच्यावर कुकर आदळले, विळीने भाज्या चिरल्या, दिवाळीचे डबेच्या डबे भरले. त्याच्याबद्दल तक्रार एकच, स्वयंपाकघर अंधारं वाटायचं. २०१६ मध्ये मी निवृत्त झाले आणि ठरवलं, आता दिवसाचा जास्त वेळ ज्या खोलीत जाणार ती उजळ करायची. ट्रॉल्या, नवं सिंक, नवी शेगडी, आणि ओटा पांढरा.

हायवेवरच्या एका दगडाच्या दुकानात उभ्या केलेल्या स्लॅबमध्ये तो दिसला. दुधी पांढरा, त्यात राखाडी रंगाच्या बारीक शिरा. मी दोन प्रश्न विचारले. पहिला भावाचा. दुसरा, “डाग पडतात का?” दुकानदार म्हणाले, “सीलर मारून देतो, काही होत नाही.” त्यांनी डागाबद्दल उत्तर दिलं. मी ते सगळ्याबद्दलचं उत्तर समजले.

घरी फोटो दाखवला तेव्हा सासूबाईंनी चष्मा लावून नीट पाहिला. त्या मालवणकडच्या, त्यांच्या स्वयंपाकात आमसूल आणि आगळ मिठाइतकं रोजचं. त्यांनी विचारलं, “गो, ह्याच्यार आगळ सांडला तर काय होतला?” मी म्हटलं, “आई, सीलर असतो त्याला.” अख्ख्या खरेदीत विचारलेला सर्वांत शहाणा प्रश्न तोच होता. त्याचं खरं उत्तर शोधायला लागला असता आगळाचा एक थेंब आणि दगडाचा एक तुकडा.

चार वर्षं

पाडव्याच्या चट्ट्यानंतर मी काळजी घेऊ लागले. लिंबू ताटलीत ठेवायचं, दह्याचं भांडं ओट्यावर टेकवायचं नाही. पण आपल्या स्वयंपाकात आंबट कुठे नसतं? चिंचेचा कोळ, कैरीचं पन्हं, टोमॅटो, ताक, सोलकढी, लोणच्याचा खार. मे महिन्यात आगळाच्या बाटलीचा ओघळ बुडाशी जमला आणि सकाळी तिथे अर्धवर्तुळ उमटलेलं दिसलं. पावसाळ्यात ओला लोखंडी तवा रात्रभर ओट्यावर राहिला, त्याची तांबूस कडी पडली. शेगडीच्या बाजूला फोडणीचे थेंब उडत, त्यांचा पिवळेपणा हळूहळू आत मुरत गेला. सिंकपाशी दोन तुकड्यांचा सांधा आला होता. तिथे पाणी झिरपून दोन्ही बाजूंना करड्या ढगासारखी छटा पसरली.

मग एक दिवस घरकामाला येणाऱ्या मावशींनी, ओटा आता छान पांढरा करून देते म्हणत, न्हाणीघराच्या फरशीचं ॲसिड ओतलं. मी बाहेरून आले तेव्हा फसफस चालू होती. पाणी ओतून ओतून धुतलं, तरी हातभर जागा पिठासारखी मऊ आणि भुरी झाली. चूक मावशींची मानता येत नाही. या दगडाला काय चालत नाही, हे मी त्यांना एकदाही सांगितलं नव्हतं.

पॉलिशवाल्याला बोलावलं. त्याने मशिनने एकेका नंबरच्या चकत्या फिरवत दोन दिवस ओटा घासला. ट्रॉल्यांच्या फटींत पांढरा गाळ गेला, तो महिनाभर निघत होता. ओटा पुन्हा पहिल्यासारखा चमकला आणि तीन आठवड्यांत त्याच्यावर नवा चट्टा पडला.

पण सांगायची खरी गोष्ट वेगळी आहे. तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की सासूबाई सोलकढी करायला स्टीलची परात घेऊन जमिनीवर बसतात. ऐंशीच्या पुढचं वय, गुडघे दुखतात, तरी नारळाचं दूध पिळणं, आगळ घालणं सगळं खाली. विचारलं तर म्हणाल्या, “वर नको गो, तुझो ओटो खराब होतलो.” पन्नास वर्षं ज्या हाताने न बघता आगळ ओतलं, तो हात माझ्या दगडाला भ्यायला लागला होता. त्या दिवशी मी ठरवलं, हा ओटा निघणार. डाग सहन झाले असते. आपल्याच स्वयंपाकघरात दबकून वावरणं सहन होण्यासारखं नव्हतं.

डाग वेगळा, चट्टा वेगळा

मग मात्र मी बसून नीट विचार केला. माझी चूक एका शब्दाची होती. मी ‘डाग’ म्हणत होते आणि ओट्यावर होत होत्या दोन निरनिराळ्या गोष्टी.

डाग म्हणजे तेल, हळद, चहा, गंज असं काहीतरी दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत शिरून बसणं. दगड जसाच्या तसा असतो, आत परकी वस्तू असते. सीलर काम करतो तो इथे. तो छिद्रांमध्ये मुरतो, मग तेल-पाणी आत जायला वेळ लागतो आणि तेवढ्यात आपण पुसून घेऊ शकतो. मुरलेला डाग बाहेर ओढूनही काढता येतो. मुलतानी मातीचा घट्ट लेप लावायचा, वर प्लॅस्टिक झाकून रात्रभर ठेवायचं, मग उघडून पूर्ण वाळू द्यायचा. वाळताना तो डाग शोषून घेतो. ताजमहालाच्या संगमरवरावर बसलेली काजळी काढायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण मुलतानी मातीचाच लेप देतं.

चट्टा म्हणजे दगडच खाल्ला जाणं. संगमरवर मुळात कॅल्शिअम कार्बोनेट. लिंबातलं सायट्रिक आम्ल, चिंचेतलं टार्टारिक, दह्यातलं लॅक्टिक, व्हिनेगरमधलं ॲसिटिक, आमसुलातली आम्लं, यांतलं कोणतंही त्याला लागलं की पृष्ठभागाचा पातळसा थर विरघळतो. घासून आणलेली चकाकी जाते. इथे सीलर काही करू शकत नाही, कारण शिरकाव व्हावाच लागत नाही. पृष्ठभागावरच काम होतं. लेपाने चट्टा निघत नाही, कारण काढायला आत काही नसतं. तो निघतो फक्त पुन्हा घासून, म्हणजे आजूबाजूचा दगड त्याच्या पातळीला आणून.

हे उमगल्यावर मला जुना ओटा आठवला. कडाप्पा हासुद्धा चुनखडीचाच दगड. शहाबादी आणि कोटा फरशीही त्याच कुळातली. म्हणजे बावीस वर्षं आगळ त्यालाही खात होतं. सासूबाईंना विचारलं तर त्या सहज म्हणाल्या, पांढुरके ठिपके पडायचे की, मी खोबरेल चोळायची. त्या काळ्या दगडाला मुळात आरसापॉलिश नव्हतं. जी चकाकी नव्हतीच ती जाणार कुठून? ठिपके पडत, तेलाने मिटत, रोजच्या घासण्यात मिसळून जात. मी दगड बदलला असं मला वाटत होतं. रसायनशास्त्राच्या दृष्टीने मी त्याच कुळातला दगड आणला होता, फक्त त्याचा रंग पांढरा होता आणि त्याच्या अंगावर पॉलिश होतं. त्या दोन गोष्टींनी प्रत्येक थेंब दिसायला लागला.

म्हणून संगमरवराची हौसच असेल तर माझा सल्ला असा: आरसापॉलिश घेऊ नका. मॅट घासणीचा घ्या, ज्याला दुकानात होन फिनिश म्हणतात, आणि तो वापराने म्हातारा होणार हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवा. ज्यांचा स्वयंपाक हलका आहे, घरात माणसं कमी आहेत, वापरल्याच्या खुणा ज्यांना खुपत नाहीत, त्यांच्याकडे असा ओटा सुखाने नांदतो.

दुसऱ्यांदा निवडताना

२०२१ च्या हिवाळ्यात पुन्हा बाजारात गेले. या वेळी पर्समध्ये मापाची टेप, लिंबू, पाण्याची छोटी बाटली आणि पांढऱ्या रुमालात गुंडाळलेली नेलपॉलिश काढायच्या द्रवाची बाटली. तीन दुकानांतून ग्रॅनाइटचे हातभर तुकडे मागून आणले. एका दुकानात नाही म्हणाले, तिथून मी परत फिरले. कापणीतले तुकडे प्रत्येक दुकानाच्या मागे पडलेले असतात; ते द्यायला ज्याला जड जातं त्याच्याकडून लाखाचा दगड घेऊ नये.

घरी आल्यावर तिन्ही तुकडे वर्तमानपत्रावर मांडले आणि आठ दिवस त्यांना आमचा स्वयंपाक खाऊ घातला. एका कोपऱ्यात लिंबाची फोड, दुसऱ्यात आगळ, तिसऱ्यात हळद घातलेलं गरम तेल, चौथ्यात ओला तवा. रात्रभर ठेवायचं, सकाळी साबणाने धुवायचं, उजेडात तिरकं पाहायचं. आगळ ओतायचं काम सासूबाईंनी केलं.

पहिला तुकडा गडद काळा होता. आगळाने त्याच्यावर फिकट ठसा उमटला. ग्रॅनाइटला लिंबा-आमसुलाने असं व्हायला नको, म्हणून नेलपॉलिशच्या द्रवात बुडवलेला रुमाल चोळला, तर रुमाल काळा झाला. दगड मुळात करडा होता, रंग आणि तेल मुरवून त्याला काळा केलेला होता. दुसरा तुकडा पांढरट ग्रॅनाइटचा. आंबटाने त्याला काही झालं नाही, पण हळदीचं तेल त्याने रात्रीत पिऊन टाकलं. पाण्याचा थेंबसुद्धा पाच मिनिटांत आत मुरून ओला ठिपका दिसायचा. तिसरा तुकडा आंध्रचा स्टील ग्रे, करडा, दाट पोताचा. त्याच्यावर पाणी तसंच थेंबाने बसून राहिलं. लिंबू, आगळ, तेल, तवा सगळं धुतल्यावर हाताला आणि डोळ्याला काही सापडलं नाही. तोच घेतला. तो ओटा आजही आहे आणि सोलकढी पुन्हा वर होते.

ही मिळालेली शिकवण आता क्रमाने मांडते.

नावाला भुलू नका

दुकानातली नावं भूगर्भशास्त्रातली नसतात. ‘काश्मीर व्हाइट’ नावाचा दगड तमिळनाडूतला आहे. आंध्रातल्या प्रकाशम जिल्ह्यात चिमकुर्तीला निघणारा सोनेरी ठिपक्यांचा ‘ब्लॅक गॅलेक्सी’ ग्रॅनाइट म्हणून विकला जातो. शास्त्राप्रमाणे तो गॅब्रोच्या कुळातला, आणि ते ठिपके सोन्याचे नसून ब्रॉन्झाइट खनिजाचे. यात फसवणूक नाही, हा व्यापारातला रिवाज आहे. पण नाव ऐकून दगडाचा स्वभाव कळत नाही, हे लक्षात ठेवावं. तो कळतो दोन प्रश्नांनी: आंबटाने याचं काय होतं, आणि हा तेल-पाणी पितो का?

कठीणपणा ओळखायची सोपी रीत आहे. तुकड्याची कोर जुन्या काचेच्या बाटलीवर दाबून ओढा. मोहच्या कठिणता मापनात संगमरवरातलं कॅल्साइट ३ वर येतं, ग्रॅनाइटमधलं फेल्डस्पार ६ वर आणि क्वार्ट्झ ७ वर. काच साधारण साडेपाचवर. म्हणून ग्रॅनाइट काचेवर ओरखडा काढतो, संगमरवर नुसता घसरतो. कुणी पांढऱ्या दगडाला ग्रॅनाइट म्हणून दाखवला तर ही परीक्षा आणि लिंबाची परीक्षा, दोन्ही करा.

स्लॅब स्वतः पाहा, ओली करून पाहा

तुकडा पसंत पडला म्हणजे काम संपलं नाही. नैसर्गिक दगडाचे दोन लॉट सारखे नसतात. ज्या स्लॅबमधून तुमचा ओटा कापला जाणार ती स्लॅब दिवसाच्या उजेडात उभी करून घ्या आणि तिच्यावर नाव घालून या. ओलं फडकं फिरवून पुसा: नुसती शीर असेल तर तिच्यावरचं पाणी पुसलं जातं, खरी चीर असेल तर तिच्यात पाणी राहतं आणि काळी रेघ उशिरापर्यंत दिसते. बोटाच्या पेराने ठिकठिकाणी वाजवा. अखंड दगड खणखणतो, आत तडा असेल तिथे आवाज बद्द येतो. मागच्या बाजूला जाळी चिकटवलेली असेल तर का चिकटवली ते विचारा. नाजूक दगडाला ती आधार म्हणून लावतात, आणि ते आपल्याला माहीत असलेलं बरं.

भाव ठरवताना फक्त चौरस फुटाचा दर धरू नका. कडेची गोलाई रनिंग फुटावर, सिंकची आणि हॉबची कटाई नगावर, पट्टी चिकटवून जाड दाखवलेली कड वेगळी, चढवायची मजुरी वेगळी. माप पूर्णांकात धरायची त्यांची रीत काय आहे आणि उरलेला तुकडा कुणाचा, हे आधीच कागदावर लिहून घ्या. उरलेला तुकडा आपणच ठेवावा. पुढे काही जोडायचं झालं तर त्याच लॉटचा दगड पुन्हा मिळत नाही.

वजन, सांधा आणि कटाई

१८ मिलिमीटर जाडीचा ग्रॅनाइट एका चौरस फुटाला साधारण साडेचार किलो भरतो. दहा फूट लांब आणि दोन फूट रुंद ओटा म्हणजे ९० किलोंच्या आसपास. नुसत्या प्लायच्या ट्रॉल्यांवर तो टेकवू नये. खाली कडाप्प्याचे उभे पाय किंवा लोखंडी चौकट हवी. जुन्या कडाप्प्यावरच ग्रॅनाइट बसवणार असाल तर ओट्याची उंची इंचभर तरी वाढते, आणि ती उंची पाठीला जाणवते. हात कोपरात वाकवून उभं राहावं. ओटा कोपरापासून चार ते सहा इंच खाली यायला हवा. घरात सर्वांत जास्त स्वयंपाक जो करतो त्याच्या कोपरापासून माप घ्यावं.

दहा फुटांची लादी लिफ्टमध्ये मावत नाही. ती जिन्याने न्यायची तर नेहमी उभी धरून न्यायला सांगा. आडवी नेली की स्वतःच्या वजनाने मधोमध मोडते. जिन्याच्या वळणावर ती वळत नसेल तर सांधा द्यावाच लागेल. तो कुठे येणार हे आधी ठरवा. सिंकवर नको, हॉबच्या कटाईवर नको. पाणी आणि उष्णता दोन्हींपासून लांब, खाली भक्कम आधार असलेल्या जागी हवा. माझा पहिला सांधा सिंकपाशी आला, कारण मी कुणाला विचारलंच नव्हतं.

हॉबसाठी कापलेल्या चौकोनाचे आतले कोपरे गोल हवेत. धारदार काटकोनातूनच चीर सुरू होते. चौकोनाच्या पुढे आणि मागे दगडाची निदान अडीच-तीन इंचांची पट्टी उरायला हवी, नाहीतर तापून-निवून ती तडकते. ओट्याच्या पुढच्या कडेखाली, आतल्या अंगाला, एक बारीक खाच मारून घ्या. सांडलेलं पाणी तिथून टपकतं, वळून ट्रॉलीच्या दारांवर जात नाही. या खाचेचा खर्च किरकोळ आणि वाचतात ते प्लायचे दरवाजे.

पांढरा किंवा फिकट दगड बसवताना खाली नेहमीचं करडं सिमेंट चालणार नाही. त्याची सावली वर दिसते. पांढरं सिमेंट किंवा पांढरा चिकटमसाला सांगावा.

कापणाऱ्याच्या छातीचा विचार

पहिल्या वेळी हॉबची कटाई आमच्या गॅलरीत झाली. विशीतला एक मुलगा कोरडी कटर चालवत होता, तोंडाला रुमाल बांधलेला. धुळीने समोरच्या कुंड्या पांढऱ्या झाल्या. मी मनात म्हटलं, आता सगळं घर पुसावं लागणार. त्याच्या फुप्फुसांचा विचार मला शिवला नाही, याचं आज वाईट वाटतं.

ग्रॅनाइटमधल्या क्वार्ट्झची बारीक धूळ श्वासातून आत गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. कारखान्यात तयार होणाऱ्या क्वार्ट्झच्या स्लॅबमध्ये तर नव्वद टक्क्यांहून जास्त क्वार्ट्झ असू शकतं, बाकी राळ. असे दगड कापणाऱ्या कामगारांना हा रोग मोठ्या प्रमाणावर झाल्यामुळे ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा कृत्रिम दगडावर बंदी घातली. दुसऱ्या वेळी मी सिंक आणि हॉबची मापं आधी दिली आणि सगळी कटाई कारखान्यात पाणी सोडून करून घेतली. घरी फक्त बसवणी झाली. याला जास्तीचे थोडे पैसे पडतात. ते द्यावेत. आपला ओटा कुणाच्या दमाच्या मोलाने येऊ नये.

क्वार्ट्झच्या स्लॅबबद्दल अजून एक. आंबटाने तिला काही होत नाही, पण तिच्यातली राळ उष्णतेला टिकत नाही. शेगडीवरून उतरवलेली कढई थेट ठेवली तर पिवळा किंवा पांढुरका ठसा कायमचा बसतो. आपल्याकडे कढई उतरवून ओट्यावर ठेवणं इतकं हातवळणी पडलेलं आहे, की हे आधी माहीत हवं.

बसवल्यावर

ग्रॅनाइट घेतला म्हणून निष्काळजी होता येत नाही. उष्णता तो पचवतो, तरी तापलेला कुकर हॉबजवळच्या अरुंद पट्टीवर ठेवू नका, अडणी वापरा. नारळ ओट्याच्या कडेवर आपटून फोडायची सवय मोडा, गोल कडेचा टवका तिथेच उडतो. खलबत्ता भक्कम आधार असलेल्या जागीच ठेवा, हॉब-सिंकच्या लगत नको. पुसायला भांड्यांचा सौम्य साबण आणि पाणी पुरे. फरशीचं ॲसिड ग्रॅनाइटवरही नको, सांध्यातलं सिमेंट त्याने खाल्लं जातं. आणि घरात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे पहिल्या दिवशी सांगा, मी सांगितलं नव्हतं तसं करू नका.

सहा महिन्यांतून एकदा सिंकजवळ पाण्याचे चार थेंब टाकून दहा मिनिटांनी पाहावं. खाली ओला ठिपका दिसला की सीलर पुन्हा लावायची वेळ झाली. ठिपका नसेल तर उगाच लावू नये; न मुरलेला सीलर वर चिकट थर धरतो.

काढलेला संगमरवर मी टाकला नाही. चांगल्या भागातून खिडकीची सिल झाली आणि एक गोल पोळपाट. संगमरवर गार राहतो, त्याच्यावर पुऱ्या छान लाटल्या जातात. दगड वाईट नव्हता, मी त्याला चुकीच्या जागी बसवला होता.

त्या आठ दिवसांच्या परीक्षेतले तुकडेही खणात जपून ठेवले आहेत: आगळाचा फिकट ठसा पडलेला काळा, हळद प्यालेला पांढरट आणि काहीच न झालेला करडा. त्यांच्यासोबत जुन्या ओट्याचा एक तुकडा, रुपयाएवढ्या गोलासकट. आमच्या इमारतीत कुणी स्वयंपाकघर काढायला घेतलं की ते चारही तुकडे मी त्यांच्या हातात देते, आणि सासूबाई वर आगळाची एक लहान बाटली भरून देतात.